रोज पाणी टाकावे लागते? मग इंजिन धोक्यात आहे

भिवंडीहून सुताच्या गोण्या घेऊन मालेगावला निघालेला एक टेम्पो २०२३ च्या एप्रिल महिन्यात कसारा घाटात बंद पडला. दुपारची वेळ, गाडीत पूर्ण माल आणि समोर चढ. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकलेला चालकाने पाहिला होता. पण 'घाट संपतच आला आहे, वर गेल्यावर बघू' असे म्हणून त्याने गाडी तशीच रेटली. आणखी दोन वळणे झाली आणि सीटखालून वाफ येऊ लागली. मग इंजिन जे बंद पडले ते पुन्हा सुरू झाले नाही.

गाडी टोचन लावून खाली आणावी लागली. माल दुसऱ्या टेम्पोत भरून पाठवला, त्याचे भाडे पदरचे गेले. गॅरेजमध्ये हेड उतरवले तेव्हा ते वाकलेले निघाले आणि गॅस्केट जळालेले होते. टेम्पो अठरा दिवस उभा राहिला. हा चालकच गाडीचा मालक. गाडीवर कर्ज होते, आणि गाडी उभी असली तरी हप्ता थांबत नाही.

हेड उतरवताना वयस्कर मिस्त्रींनी त्याला विचारले, "कूलंट शेवटचं कधी बदललं होतंस?"

"कूलंट नाही चाचा, पण पाणी रोज टाकतो. एक दिवससुद्धा चुकवत नाही."

"तेच तर सांगतोय बेटा. बंद पाईपांतलं पाणी रोज कमी का होतं, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

मिस्त्रींच्या या एका वाक्यात आजच्या लेखाचा सगळा सारांश आहे. आपल्याकडे टेम्पो, टॅक्सी, जीप आणि ट्रक चालवून घर चालवणारी हजारो कुटुंबे आहेत. ऑइल वेळेवर बदलले पाहिजे हे त्यांना पटलेले असते. रेडिएटरकडे मात्र 'त्यात काय, पाणीच तर आहे' अशा नजरेने पाहिले जाते. इंजिन बसण्यामागे अनेकदा हाच समज असतो.

कूलंट कशासाठी?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने रेडिएटरच्या वाटेने बाहेर टाकावा लागतो. हे काम इंजिन आणि रेडिएटर यांच्यात सतत फिरणारा द्रव करतो. वॉटर पंप त्याला फिरवतो. थर्मोस्टॅट हा झडपेसारखा भाग इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तो उघडतो.

या द्रवात पाण्याबरोबर इथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हुर्त्झ यांनी ते एकोणिसाव्या शतकात प्रथम तयार केले. मोटारगाड्यांसाठी ते अमेरिकेत १९२७ पासून 'प्रेस्टोन' या नावाने विकले जाऊ लागले. हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटू नये, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच त्याला 'अँटिफ्रीझ' म्हणजे गोठण्यापासून वाचवणारे असे नाव पडले.

या नावानेच आपल्याकडे घोटाळा केला. 'आमच्याकडे कुठे बर्फ पडतो?' असे म्हणून अनेकांनी ते कधी वापरलेच नाही. वास्तविक त्याचे उरलेले दोन गुण आपल्याच हवेत जास्त उपयोगाचे आहेत. पहिला गुण उकळबिंदूचा. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण साधारण १०७ अंशांवर उकळते. त्यात रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळाला, म्हणजे झाकण १५ पौंडाचे असले, तर हीच मर्यादा १२९ अंशांच्या आसपास जाते. दुसरा गुण गंज रोखण्याचा. कूलंटमध्ये मिसळलेली द्रव्ये धातूवर पातळ संरक्षक थर धरतात आणि गंज, खार व छिद्रे यांपासून त्याला वाचवतात.

ही द्रव्ये मात्र हळूहळू खर्ची पडतात. ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते, संरक्षण टिकत नाही. म्हणूनच कूलंट दिसायला चांगले असले तरी मुदत संपल्यावर बदलावे लागते.

जुनी सवय, नवे इंजिन

जुन्या चालकांची सवय अगदीच चुकीची होती असे नाही. पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचा ब्लॉक जाड बिडाचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. रेडिएटर गळला तर मोहल्ल्यातला कारागीर तो झाळून देत असे. घाटात थांबून, बाटलीभर पाणी टाकून पुढे जाणे हा प्रवासाचाच भाग होता. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गाड्या गेल्या, त्यांची सवय मात्र राहिली.

आजच्या बहुतेक गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. नळ्या बारीक असतात. ॲल्युमिनियम वजनाला हलके आणि उष्णता लवकर सोडणारे असले, तरी जास्त तापले की वाकते आणि खराब पाण्याने आतून खाल्ले जाते. जुन्या इंजिनाने जी चूक दहा वेळा माफ केली असती, ती नवे इंजिन एकदाही माफ करत नाही.

मोठ्या डिझेल इंजिनांत आणखी एक दुखणे असते. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर अतिसूक्ष्म थरथरतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला वाफेचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात. कूलंटमध्ये योग्य द्रव्य नसेल तर या माऱ्याने लायनरला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरते. म्हणून ट्रकमालकांनी मोटारीचे कूलंट न घेता गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे.

चारचाकी सीएनजी गाड्यांमध्ये गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर बहुधा याच गरम कूलंटवर ऊब घेत असतो. दाब उतरताना गॅस थंड पडतो. कूलंट कमी झाले किंवा पाईपात हवा अडकली तर रेग्युलेटरवर दव धरते आणि गाडी झटके देऊ लागते. अशा वेळी दोष गॅस किटमध्ये शोधला जातो, पण तो बाटलीभर कूलंटचा असू शकतो.

पाणी कोणते?

बोअरवेलचे पाणी रेडिएटरचा शत्रू आहे. त्यातील क्षार गरम भिंतीवर बसतात आणि चहाच्या किटलीत जमतो तसाच पांढरा थर इंजिनात जमतो. हा थर उष्णता अडवतो. पाणी फिरत असते, काटाही कधीकधी बरोबर दाखवतो, पण हेडमधील नेमकी जागा तापत राहते. नळाच्या पाण्यातही क्षार आणि क्लोरीन असतेच.

म्हणून कूलंटमध्ये मिसळण्यासाठी डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी, म्हणजे बॅटरीत टाकण्याचे पाणीच घ्यावे. ते पेट्रोल पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळते. मात्र नीट पाहून घ्या, बॅटरीचे ॲसिड वेगळे आणि बॅटरीचे पाणी वेगळे.

प्रमाण साधारण निम्मे-निम्मे ठेवावे, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तसे. जास्त ग्लायकॉल टाकले म्हणजे जास्त फायदा, हा समज चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्याची ताकद पाण्यात ग्लायकॉलपेक्षा बरीच अधिक आहे. निव्वळ ग्लायकॉल भरले तर इंजिन उलट अधिक तापेल. बाजारात दोन प्रकारचे डबे मिळतात. एक पाणी मिसळायचे घट्ट कूलंट, दुसरे थेट भरायचे तयार कूलंट. तयार कूलंटमध्ये पुन्हा पाणी मिसळू नये. लेबल वाचल्याशिवाय डबा फोडू नये.

तपासणी : आठवड्यातून पाच मिनिटे

तपासणी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी करावी. गरम इंजिनावर झाकणाला हात लावू नये.

१) कूलंटच्या बाटलीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. थंड इंजिनात रेडिएटरचे झाकण उघडता येत असेल तर आतही पाहावे. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असेही होते. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकण बदलावे.

२) कूलंट स्वच्छ आणि पारदर्शक असावे. तांबूस गढूळ झाले असेल तर गंज सुरू झाला आहे. वर तेलाचा तवंग दिसला, किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधी चिकट साय दिसली, तर गाडी चालवू नका. पाणी आणि ऑइल एकमेकांत जात असल्याची ती खूण असू शकते.

३) होज पाईप दाबून पाहावेत. फुगलेले, चिरलेले किंवा फार मऊ झालेले पाईप बदलावेत. क्लिपांभोवती आणि वॉटर पंपाच्या खाली वाळलेल्या डागांच्या रेघा दिसल्या तर तेथे गळती आहे.

४) पंख्याचा पट्टा सैल नाही ना, विजेचा पंखा वेळेवर सुरू होतो ना, हे पाहावे. रेडिएटरच्या जाळीत माती, किडे आणि यंत्रमागाच्या गावांत कापसाचे तंतू अडकतात. कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेरच्या दिशेने, जाळी धुवावी. जोराच्या पाण्याने तिच्या पात्या वाकतात.

५) मिश्रणातील ग्लायकॉलचे प्रमाण हायड्रोमीटरने किंवा रिफ्रॅक्टोमीटरने कळते. परंतु ही उपकरणे फक्त प्रमाण सांगतात, गंजरोधक द्रव्य किती शिल्लक आहे ते सांगत नाहीत. त्यासाठी चाचणीच्या पट्ट्या मिळतात. त्या नसतील तर तारीख आणि किलोमीटर हाच हिशेब.

पातळी वरचेवर कमी होत असेल तर कूलंट टाकत राहणे हा इलाज नव्हे. ते बाहेर गळते आहे, झाकणातून उडते आहे किंवा इंजिनात जळते आहे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसणे ही गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत. या टप्प्यावर मिस्त्रीकडे गेले तर गॅस्केटवर भागते. उशीर केला तर हेडचे काम निघते, आणि त्याहून उशीर केला तर पूर्ण इंजिन बांधावे लागते.

कूलंट कसे बदलावे?

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडणी लावावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. रेडिएटरच्या खाली रुंद भांडे ठेवून खालचा नळ किंवा खालचा होज पाईप सोडावा, मग झाकण काढावे. हीटर असेल तर त्याची कळ गरमकडे ठेवावी, म्हणजे त्यातीलही कूलंट निघते.

मग स्वच्छ पाणी भरून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, थंड होऊ द्यावे आणि पाणी काढून टाकावे. निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. शेवटचे धुणे डीएम पाण्याने करावे. गंज फार असेल तर रेडिएटर साफ करण्याचे तयार औषध त्यावरील सूचनेप्रमाणे वापरावे. काही ठिकाणी तेजाब टाकून रेडिएटर 'चकाचक' करून देतात. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा उघड घात आहे.

भरताना एक हिशेब लक्षात ठेवावा. धुतल्यानंतर इंजिनात थोडे पाणी राहतेच. म्हणून गाडीत एकूण ८ लिटर मावत असेल, तर आधी ४ लिटर घट्ट कूलंट टाकावे आणि उरलेली जागा डीएम पाण्याने भरावी. आधीच मिसळून भरले तर आत राहिलेल्या पाण्याने मिश्रण पातळ होते.

कूलंट सावकाश भरावे. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून, कूलंटची अखंड धार आल्यावर बंद करावा. होज पाईप हाताने दाबत राहावे, म्हणजे अडकलेली हवा वर येते. हवा आत राहिली तर नवीन कूलंट टाकूनही गाडी तापते. मग झाकण लावून इंजिन सुरू करावे, काट्यावर नजर ठेवावी, पंखा एकदा सुरू होऊन बंद होऊ द्यावा. इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहून पूर्ण करावी. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी पाहत राहावे.

शेवटी तारीख, किलोमीटर आणि कूलंटचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती दरवाजाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षे टिकते. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले दीर्घायुषी कूलंट पाच वर्षांपर्यंत चालू शकते. अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा.

रंगावर जाऊ नका

हिरवे, लाल, गुलाबी, निळे असे अनेक रंग बाजारात आहेत. हा रंग केवळ टाकलेला असतो. सगळ्या कंपन्यांना लागू असा रंगाचा नियम नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र केली तर एकमेकांचे संरक्षण बिघडते आणि कधी गाळही तयार होतो. 'हिरव्यात हिरवे टाकले' एवढ्याने निश्चिंत होऊ नये. डब्यावर भारतीय मानक आयएस ५७५९, जपानचे जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकेचे एएसटीएम डी ३३०६ यांचा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख पाहावी. सुटे, बिनलेबलचे कूलंट म्हणजे रंगवलेले पाणी असण्याची शक्यता मोठी.

आणखी एक गैरसमज थर्मोस्टॅटचा. गाडी तापू लागली की तो काढून फेकण्याची पद्धत आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त लागते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर कूलंट रेडिएटरला वगळून फिरते आणि चढावर गाडी अधिकच तापते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा.

वाटेत गाडी तापली तर

काटा वर जाऊ लागताच एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवा. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. झाकण उघडू नका. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर असूनही उकळत नसतो. झाकण उघडताच दाब सुटतो, तो उसळून बाहेर येतो आणि चेहरा, मान व हात भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. नंतर जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा आणि दाब जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. जवळ फक्त साधे पाणी असेल तर इंजिन निवल्यावर तेच टाकून गॅरेज गाठा, पण नंतर ते काढून योग्य मिश्रण भरा.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने अनेकांचा कसारा घाट टळला आहे. तरीही तासन् तास एकाच वेगाने, भर उन्हात, पूर्ण भारासह धावणे हीसुद्धा इंजिनाची परीक्षाच आहे.

काश्मीरच्या फेरीला जाणाऱ्यांनी

काश्मीरचे सफरचंद वाशीच्या बाजारात येते, त्यासाठी ट्रक तिकडे जातात. तेथे अँटिफ्रीझ हे नाव खरे ठरते. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून ४० दिवस 'चिल्लई कलान'चा कडाका असतो आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकचा रेडिएटर, प्रसंगी ब्लॉकही, त्याने फुटू शकतो. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. निघण्यापूर्वी हायड्रोमीटरने प्रमाण मोजून घ्यावे. वाटेत नुसते पाणी टाकत गेलात तर मिश्रण पातळ होऊन हे संरक्षण निघून जाते.

हे विष आहे

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी आहे. ते मूत्रपिंडे निकामी करते आणि थोडेही जीवघेणे ठरू शकते. जमिनीवर सांडलेले किंवा गटारात सोडलेले कूलंट मोहल्ल्यातील शेळ्या, मांजरे, कुत्री चाटतात. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका, लहान मुले सरबत समजून पितील. कोणाच्या पोटात गेले तर लक्षणांची वाट न पाहता, डबा सोबत घेऊन ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे. काढलेले कूलंट झाकणबंद कॅनमध्ये, नाव लिहून, वेगळे ठेवावे आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावे.

गॅरेजवाल्यांसाठी दोन शब्द

कूलंट बदलण्याच्या कामाला मोठे भांडवल लागत नाही. एक हायड्रोमीटर, रुंद ट्रे, चांगले फनेल, डीएम पाण्याचे कॅन आणि दोन-तीन मानांकित जातींची कूलंट एवढ्यावर सुरुवात होते. ग्राहकाला जुने कूलंट दाखवा, नव्याचे सील त्याच्यासमोर फोडा, पक्के बिल द्या आणि तारखेची चिठ्ठी लावून द्या. ऑइल बदलायला आलेल्या प्रत्येक गाडीचे कूलंट विनामूल्य तपासून द्या. इंजिन बांधण्याचे काम एकदाच मोठे पैसे देते, पण ते काम निघण्यापासून वाचवणारा मिस्त्री ग्राहक वर्षानुवर्षे सोडत नाही.

कसाऱ्याला बंद पडलेला तो टेम्पो आता पुन्हा मालेगावच्या फेऱ्या करतो. त्याच्या दरवाजाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली आहे. चालक रोज सकाळी बाटलीची पातळी पाहतो, पण त्यात काही टाकावे मात्र लागत नाही. काहीशे रुपयांचे कूलंट आणि आठवड्याची पाच मिनिटे वाचवण्याच्या नादात त्याने एका दुपारी जे गमावले, ते फेडायला त्याला पुढचे दहा महिने लागले. वाचकांनी उद्या सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी एकदा बाटलीकडे पाहावे.